सुरमईचा सरकारी घाऊक भाव आणि गाळ्यावरचा भाव : फरक कुठून येतो आणि करारात काय लिहावे

आपला प्रश्न मला नीट समजला आहे ना, हे पाहण्यासाठी तो आधी माझ्या शब्दांत मांडतो. आपण कोल्हापुरात खानावळ चालवता. सुरमई, पापलेट आणि बांगडा वर्षभर पुरवण्याचा करार आपण एका घाऊक व्यापाऱ्याशी करू पाहत आहात. किनाऱ्यावरच्या एका बाजारातील सुरमईचा घाऊक भाव सरकारी संकेतस्थळावर किलोला ६०० रुपये दिसला आणि त्याच सकाळी व्यापाऱ्याने ७२० रुपये सांगितले. व्यापारी फसवतो आहे की सरकारी आकडा चुकीचा आहे, आणि करारात सरकारी भाव बांधून घ्यावा का, असे आपण विचारले आहे. शेवटी बांगड्याबद्दलही एक ओळ आहे, तिच्याकडे मी शेवटीच येतो.

दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतात. ६०० हा नेमक्या कोणत्या सुरमईचा, कोणत्या टप्प्यावरचा, किती वाजताचा आणि कोणत्या गिऱ्हाइकासाठीचा भाव आहे, हे त्या रकान्यात लिहिलेले नसते. ते न ठरवता ७२० शी तुलना केली, तर व्यापारी चोर ठरतो किंवा सरकार खोटे ठरते, आणि दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात. त्याच वेळी ७२० हा भाव वाजवीच आहे, असेही मी येथे बसून सांगू शकत नाही. मासा किती किलोचा होता, आपण पैसे रोख देणार की महिन्याने, माल कोणत्या घाटाने आला आणि तो दिवस बुधवार होता की गुरुवार, यावर ते अवलंबून आहे.

माझ्याबद्दल दोन वाक्ये सांगणे भाग आहे, कारण पुढचे बरेचसे अनुभवावर उभे आहे. कोल्हापुरात मासळीच्या एका घाऊक गाळ्यावर मी चौदा वर्षे हिशेब लिहिला आणि नंतर आठ वर्षे बाजारात फिरून सरकारी नोंदीसाठी मासळीचे भाव टिपून पाठवले. म्हणजे आधी भाव सांगणाऱ्यांच्या बाजूला होतो, नंतर विचारणाऱ्यांच्या.

घाऊक भाव हा शब्द एकच असला, तरी तो निदान तीन ठिकाणी वापरला जातो. पहिले ठिकाण बंदर. नौका लागते, मासळी उतरते आणि तिथल्या तिथे लिलाव पुकारला जातो. हर्णैला तो किनाऱ्यावर वाळूतच भरतो, रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरात होतो. दुसरे ठिकाण म्हणजे बंदरावर माल घेणारा व्यापारी आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव अशा गावांचे घाऊक व्यापारी यांच्यातील सौदा, जो बहुधा फोनवर ठरतो आणि कुणालाच दिसत नाही. तिसरे ठिकाण कोल्हापुरातल्या घाऊक व्यापाऱ्याचा गाळा, जिथे पहाटे टेम्पो लागतो आणि किरकोळ विक्रेते, मासे विकणाऱ्या बायका व आपल्यासारखे खानावळवाले माल घेतात. आपण पाहिलेला भाव पहिल्या किंवा दुसऱ्या ठिकाणचा असणार आणि आपल्याला सांगितलेला तिसऱ्या ठिकाणचा आहे. मधल्या अंतरात बर्फ आहे, थर्माकोलची पेटी आहे, दोन्हीकडची हमाली आहे, आंबा घाटातून किंवा मालवणकडचा माल असेल तर फोंडा घाटातून अथवा गगनबावड्याकडून येणाऱ्या टेम्पोचे भाडे आहे, व्यापाऱ्याची अडत आहे आणि घट आहे. घटीकडे लोक दुर्लक्ष करतात. बंदरावर मासा ओला, बर्फाच्या पाण्यासकट तोलला जातो. घाट चढून येईपर्यंत पाणी निथळते, पेटीच्या तळाचा एखादा मासा दबतो आणि तो त्या भावाला जात नाही. बंदरावर वीस किलो म्हणून घेतलेल्या पेटीचे कोल्हापुरात वीस किलोचे पैसे होत नाहीत.

पहिल्या ठिकाणच्या भावातही एक मेख आहे. अनेक नौकामालकांनी डिझेल, बर्फ आणि खलाशांच्या पगारासाठी हंगामाच्या आरंभीच एखाद्या व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते आणि त्या बदल्यात मासळी त्याच व्यापाऱ्याला द्यावी लागते. अशा मालाचा भाव खुल्या लिलावापेक्षा कमी लागतो, कारण उचलीचे व्याज त्यातच वळते होते. नोंद करणाऱ्याने तो भाव लिहिला, तर तो खरा असतो. पण त्या भावाने आपल्याला कुणीही मासा देणार नाही, कारण आपण कुणाच्या नौकेला उचल दिलेली नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे हा सरकारी आकडा तयार कसा होतो. कोल्हापूरकरांना हे गुळाच्या तुलनेने चटकन समजेल. शाहू मार्केट यार्डात गुळाचा उघड लिलाव होतो, सौद्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, बनते, बाजार समितीकडे आवक नोंदली जाते आणि पणन मंडळाच्या तक्त्यात आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर व सर्वसाधारण दर असे रकाने भरले जातात. हा आकडा व्यवहाराच्या कागदातून निघतो. मासळीतही हे अशक्य नाही. उजनी धरणाची मासळी भिगवणला इंदापूर बाजार समितीच्या आवारात उघड लिलावाने विकली जाते, आणि तिथल्या भावामागे सौदा असतो. आमच्या गाळ्यांवर मात्र लिलाव नव्हता. व्यापारी आणि गिऱ्हाईक पेटी उघडून पाहत, दोन शब्द बोलत आणि सौदा तुटे, म्हणजे पक्का होई. त्या भावाची सार्वजनिक नोंद कुठेच होत नसे. मग सरकारी आकडा येणार कुठून, तर माझ्यासारखा एक माणूस जाऊन विचारत असे. विचारून मिळालेला भाव आणि पट्टीवरून उतरवलेला भाव यांना संकेतस्थळावर एकसारखेच दिसणारे रकाने असतात, ही या सगळ्या नोंदींची मोठी अडचण आहे.

सुरुवातीच्या महिन्यांत मी साडेदहाच्या सुमारास बाजारात जात असे. कार्यालयाला दुपारपर्यंत आकडा हवा असे आणि मला ती वेळ सोयीची होती. पुढे माझ्या लक्षात आले की चांगला माल सकाळी सात वाजायच्या आत उठलेला असतो, आणि मी टिपत होतो तो उरलेल्या मालाचा भाव होता. माझ्या तक्त्यातला जास्तीत जास्त दर त्या दिवशीच्या खऱ्या जास्तीत जास्त दरापेक्षा रोजच कमी होता. चूक कुणी दाखवली नाही, कारण वरून पाहणाऱ्याला आकडे अगदी सुसंगत दिसत होते. त्यानंतर मी पहाटे साडेपाचला जाऊ लागलो आणि पहिल्याच आठवड्यात सगळे भाव चढलेले दिसले. भाव होते तिथेच होते. मीच लवकर उठू लागलो होतो.

दुसरी अडचण प्रश्न विचारण्याची. "आज सुरमई काय भाव?" असे विचारले की व्यापारी समोरच्याकडे पाहून उत्तर देतो. सरकारी माणूस म्हटले की त्याच्या मनात कर, शुल्क आणि तपासणी येते आणि तो भाव उतरवून सांगतो; गिऱ्हाईक म्हटले की चढवून सांगतो. गाळ्यावर असताना मीही हेच केले आहे, त्यामुळे कुणाला नावे ठेवत नाही. पुढे मी प्रश्नच बदलला. "शेवटची पेटी कितीला तुटली आणि कुणी घेतली?" असे विचारू लागलो आणि मग ज्याने घेतली त्यालाही बाहेर गाठून विचारत असे. मासे विकणाऱ्या बायका या बाबतीत फार खऱ्या असतात. आपण जास्त दिले असे त्यांना वाटत असेल, तर त्या आकडा सांगतातच, वर व्यापाऱ्याच्या चार गोष्टीही ऐकवतात.

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती आकारमानाची आहे. पापलेट ही आपल्या दृष्टीने एक मासळी आहे; बाजारात ती कापरी, मोठे, मध्यम, लहान आणि भिला अशी निरनिराळी असते आणि पहिल्या व शेवटच्या भावात दुपटीहून अधिक अंतर पडू शकते. आमच्या तक्त्यात पापलेटाला एकच ओळ होती. काय लिहू असे विचारल्यावर मधला भाव लिहा, असे उत्तर मिळाले. मी मध्यम आकाराचा भाव लिहीत राहिलो. माझ्या आधीचा माणूस सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव यांची सरासरी लिहीत होता. त्यामुळे ज्या महिन्यात त्याच्याकडून काम माझ्याकडे आले, त्या महिन्यात कोल्हापुरातल्या पापलेटाचा भाव कागदोपत्री एकदम घसरला. सुरमईतही तेच आहे. अंगावर उभ्या लाटांसारखे पट्टे असलेली आणि ठिपक्यांची, अशा दोन निराळ्या जाती बाजारात सुरमई याच नावाने विकल्या जातात. शिवाय एक किलोचा मासा आणि पाच किलोचा मासा यांचे भाव वेगळे असतात, कारण मोठ्या माशाचे काप खानावळीत ताटभर दिसतात.

सरासरीची गंमत आकड्यांनी दाखवतो. हे आकडे निव्वळ उदाहरणादाखल आहेत. समजा एका सकाळी मोठी सुरमई ३० किलो आली आणि ८०० रुपयांनी गेली, लहान २७० किलो आली आणि ४५० ने गेली. दोन भावांची साधी सरासरी ६२५ येते. वजन लक्षात घेऊन काढलेली सरासरी ४८५ येते. सर्वसाधारण दर, म्हणजे ज्या दराने अधिकांश माल विकला गेला तो दर, ४५० येतो. एकाच सकाळचे हे तीन भाव आहेत आणि तिन्ही प्रामाणिक आहेत. आता दुसऱ्या दिवशी भाव तेच राहिले, पण मोठी आणि लहान सुरमई प्रत्येकी १५० किलो आली. वजनी सरासरी ६२५ झाली. कागदावर भाव जवळजवळ २९ टक्क्यांनी वाढला आणि बाजारात मात्र कुणाच्याही भावात एक रुपयाचा फरक पडला नाही. आवकेचा रकाना न पाहता नुसता भाव वाचू नये, असे मी सांगतो ते यासाठी.

शिवाय एका सकाळी, एकाच आकाराच्या माशाचाही भाव सर्वांना एक नसतो. रोख देणाऱ्याला वेगळा, महिन्याने देणाऱ्याला वेगळा, पाच पेट्या उचलणाऱ्याला वेगळा. हे फक्त आपल्याकडचे आहे असे नाही. अमेरिकेत सरकारी यंत्रणा मासळीच्या घाऊक भावांची वार्तापत्रे १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून काढत आली आणि न्यूयॉर्कचा फुल्टन बाजार हे त्यांतले प्रमुख ठिकाण होते. त्या बाजारातही लिलाव नव्हता, भावाची पाटी नव्हती. विक्रेता प्रत्येक गिऱ्हाइकाला हळूच भाव सांगे. तेथील एका विक्रेत्याकडच्या व्हायटिंग नावाच्या माशाच्या १९९१-९२ मधील सौद्यांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आशियाई वंशाचे खरेदीदार त्याच माशाला गोऱ्या खरेदीदारांपेक्षा पौंडामागे सुमारे सहा सेंट कमी देत होते, असे त्यात आढळले. इतक्या मोठ्या आणि गजबजलेल्या बाजारात ही स्थिती असेल, तर आमच्या गाळ्यांवर एक भाव सापडेल अशी अपेक्षा करणे अवघड आहे. युरोपीय संघात हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला आहे. तिथे पहिल्या विक्रीची चिठ्ठी शासनाकडे देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे आकडा व्यवहारातूनच निघतो. आपल्याकडे पहिल्या विक्रीच्या चिठ्ठीची अशी सर्वत्र पाळली जाणारी सक्ती नाही, आणि तोवर भाव टिपणाऱ्या माणसाच्या सवयी आकड्यात उतरत राहणार.

आता कोणते सरकारी आकडे कशासाठी वापरावेत, हे थोडक्यात सांगतो, कारण लोक ते एकमेकांत मिसळतात. हैदराबादचे राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळ निवडक बाजारांतील मासळीचे घाऊक व किरकोळ भाव जाहीर करते. आपल्या कामाला सर्वांत जवळचे तेच आहे. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या संकेतस्थळावर मुख्यतः शेतमालाचे भाव असतात, तिथे मासळी विरळ आहे, आणि तिथला भाव किलोचा नसून क्विंटलचा असतो, हे विसरून घोटाळा करणारे मी पाहिले आहेत. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर नमुना पद्धतीने पाहणी करून किती मासळी उतरली आणि बंदरावर व किरकोळ बाजारात तिचे मूल्य किती झाले, याचे वार्षिक अंदाज देते. त्यातून मच्छीमाराच्या हाती गिऱ्हाइकाच्या रुपयातले किती पडतात, हे उत्तम समजते. आपल्या उद्याच्या सुरमईसाठी ते निरुपयोगी आहे. घाऊक किंमत निर्देशांकात अंडी, मांस व मासे या गटाचा भार २०११-१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत २.४० टक्के आहे आणि सागरी मासळी व गोड्या पाण्यातील मासळी यांचे निर्देशांक वेगळे आहेत. पण तो भाव नव्हे, देशभराचा मासिक कल आहे; शिवाय आधी तात्पुरता आकडा येतो आणि नंतर तो सुधारला जातो. करारात निर्देशांक घालायचा असेल, तर तात्पुरता धरायचा की अंतिम, हे लिहून ठेवावे, नाहीतर दोन महिन्यांनी हिशेब पुन्हा उकरावा लागतो.

यांतला कोणताही तक्ता वाचताना मी काही खुणा पाहतो. पाच दिवस एकच आकडा दिसला, तर तो बहुधा आदल्या दिवसावरून उतरवून काढलेला असतो, कारण मासळीचा भाव पाच दिवस जागेवर राहत नाही. कमीत कमी आणि जास्तीत जास्त दरांमध्ये रोज नेमके शंभर रुपयांचे अंतर असेल, तर दोन्ही टोके एकाच माणसाने अंदाजाने भरली आहेत असे समजावे. रिकामा रकाना मला उलट विश्वासाचा वाटतो. त्या दिवशी माल आला नसेल किंवा भाव विचारता आला नसेल, आणि टिपणाऱ्याने कालचाच आकडा लिहून मोकळे होण्याचा मोह टाळला, असा त्याचा अर्थ असू शकतो. एखादी जात बाजारात दोनच व्यापारी आणत असतील, तर तिचा भाव जाहीर करणे म्हणजे त्यांचा सौदा चव्हाट्यावर मांडणे होते. अशा वेळीही आकडा न देणे योग्यच असते.

हंगामाचा मुद्दा तर करारात आलाच पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. म्हणजे जूनच्या उत्तरार्धात बाजारात दिसणारी मासळी पूर्व किनाऱ्यावरून ट्रकने आलेली, शीतगृहातून निघालेली किंवा बिगर यांत्रिक होड्यांनी आणलेली थोडीशी असते. सरकारी तक्त्यात मात्र सुरमई ही ओळ तशीच चालू राहते, आणि जानेवारीच्या ताज्या सुरमईचा आकडा व जुलैच्या बर्फातल्या सुरमईचा आकडा एकाच रेषेने जोडला जातो. त्यात आषाढाच्या शेवटी मागणी उसळते आणि श्रावणात पडते. नौका पुन्हा समुद्रावर जाऊन आवक वाढते, तेव्हा आपल्या गावात खाणारेच कमी असतात. कोल्हापुरात वारांचा परिणामही मोठा आहे. बुधवार, शुक्रवार आणि रविवार या दिवशी गाळ्यावर रांग असते, तर सोमवारी व गुरुवारी व्यापारी स्वतःहून भाव तोडतो. त्यामुळे एका गुरुवारच्या आकड्याची पुढच्या रविवारच्या भावाशी तुलना केली, तर फसवणूक झाल्यासारखे वाटणारच. तारखेचेही पाहावे. बंदरावर संध्याकाळी विकलेला मासा आपल्याकडे दुसऱ्या पहाटे पोहोचतो. म्हणून आजच्या कोल्हापूरच्या भावाची तुलना कालच्या किनाऱ्याच्या भावाशी करावी.

इथवरचे लक्षात घेऊन कराराकडे वळू. सरकारी भाव जसाच्या तसा करारात लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्यापारी त्यावर सही करणार नाही, आणि केलीच तर आकाराने किंवा ताजेपणाने ती भरपाई करून घेईल. सरकारी आकडा पातळी सांगण्यात कच्चा असतो, पण एकच माणूस एकाच पद्धतीने तो भरत असेल, तर चढ-उतार सांगण्यात बऱ्यापैकी पक्का असतो. म्हणून पातळी आपसांत ठरवावी आणि चढ-उतार सरकारी आकड्यावर सोडावा.

हे प्रत्यक्षात असे करता येईल. आधी दोन-तीन आठवडे करार न करता माल घ्या आणि वहीत रोज तारीख, वार, आकार, वजन, भाव व माल कुठून आला हे लिहा. शेजारच्या रकान्यात आदल्या दिवशीचा सरकारी भाव लिहा. फरक दिवसागणिक थोडाफार हलेल, पण एका पट्ट्यात राहील; तो पट्टा हा आपला पाया. आता आपल्या उदाहरणात ६०० आणि ७२० यांच्यात १२० चा फरक आहे. हा फरक सगळा एका प्रकारचा नसतो. बर्फ, पेटी, हमाली आणि टेम्पोभाडे हे किलोमागे ठरलेले असतात. मासा महाग झाला म्हणून टेम्पो जास्त भाडे घेत नाही. अडत, घट आणि उधारीचा भार मात्र भावाच्या प्रमाणात वाढतो. समजा १२० पैकी ५० रुपये पहिल्या प्रकारचे आहेत आणि ७० दुसऱ्या प्रकारचे. सरकारी भाव दहा टक्के चढून ६६० झाला, तर ५० तसेच राहतील, ७० चे ७७ होतील आणि आपला भाव ७८७ होईल. व्यापारी म्हणेल की सरसकट दहा टक्के वाढवून ७९२ द्या. आपण म्हणाल की फरक १२० च ठेवून ७८० घ्या. दोघेही थोडे थोडे चुकत असतात, आणि हा पाच-सात रुपयांचा वाद आधीच मिटवला तर वर्ष सुखाने जाते. व्यापाऱ्याला ही फोड करून दाखवायला सांगा. ज्याला ती करता येत नाही किंवा करायची नाही, त्याच्याशी वर्षाचा करार करू नये. आपला व्यापारी फसवतो का, या प्रश्नाचे माझ्याकडे असलेले सर्वांत जवळचे उत्तर हेच आहे. बाजार उतरतो तेव्हा तो भाव उतरवतो का, हेही वहीवरून पाहावे. चढताना सगळेच तत्पर असतात.

करारात मासळीचे नुसते नाव न लिहिता आकार लिहावा, जसे सुरमई, तीन ते पाच किलो, पट्ट्याची. पापलेट, मध्यम, एका किलोत किती नग बसतात ते. रोजचा सरकारी भाव न धरता मागील सात दिवसांची सरासरी धरावी, म्हणजे वारांचा झोल निघून जातो, आणि त्या सातांपैकी निदान चार दिवसांची नोंद नसेल तर मागचाच भाव चालू राहील, असे एक वाक्य घालावे. जून आणि जुलै हे महिने करारातून वेगळे काढावेत. त्या काळात सूत्र लावण्याचा हट्ट दोघांनाही महागात पडतो, तेव्हा त्या त्या आठवड्याचा भाव बोलून ठरवावा किंवा ताटातला मासाच बदलावा. पावसात घाट बंद झाला, तर माल लांबच्या रस्त्याने येतो आणि भाडे वाढते. ते कोण सोसणार हे आधीच लिहिलेले बरे. गाळ्यावरच्या माझ्या काळात घाट बंदच्या दिवसांत जेवढी भांडणे झाली, तेवढी भावावरूनही झाली नाहीत. फरकाची फोड दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहावी, कारण डिझेल आणि बर्फ यांचे भाव मासळीच्या तक्त्यात दिसत नाहीत.

रोखीचा विषय आपण प्रश्नात टाळला आहे, पण तो भावातच दडलेला असतो. आपण आठवड्याच्या आत पैसे देणार असाल, तर ७० रुपयांच्या त्या भागातून काही रुपये नक्की कमी होतील, आणि ते मागण्याचा आपल्याला हक्क आहे. महिनाअखेरीला देणार असाल, तर ७२० मध्ये व्याजही आहे असे धरून चालावे.

राहिला बांगडा. त्याला हे सूत्र लावू नये. बांगड्याची आवक एका रात्रीत कित्येक पटींनी वाढते आणि भाव दुसऱ्या सकाळी निम्म्यावर येतो. सात दिवसांची सरासरी त्याच्या मागे धावतच राहते. शिवाय तो कुठे किलोवर, कुठे शेकड्यावर, तर कुठे पेटीवर विकला जातो, आणि या तिन्हींचे रूपांतर भाव टिपणारा ज्याच्या त्याच्या अंदाजाने करतो. बांगडा पहाटे स्वतः गाळ्यावर जाऊन, पेटी उलटून तळाचे मासे पाहून घ्यावा. आपल्याला रोज जमणार नसेल, तर स्वयंपाकघरातल्या ज्या माणसाला कल्ले उचलून पाहता येतात, त्याला पाठवावे आणि त्याने आणलेला भाव त्याच वहीत लिहून ठेवावा.